उरलेली रेघ

लांकडी ठशाचा नियम साधा आहे: कोरून काढलेला भाग कोरा राहतो, उरलेल्या उंचवट्यालाच शाई लागते. झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांनीं याच नियमांतून फाळणीचें दुःख सांगितलें. अलीगढला जन्मलेल्या, गणिताच्या पदवीधर असलेल्या या चित्रकर्तीचें माहेर १९५९ सालीं कराचीस गेलें. त्या स्वतः पुढें न्यूयॉर्कला स्थिरावल्या. १९९९ सालीं उंबरठा, अंगण, सीमा अशा अर्थांचे उर्दू शब्द घेऊन त्यांनीं ३६ ठशांत आठवणींतल्या घराची जणूं भूमितिच मांडली. २००१ सालच्या ‘विभाजनरेषा’ या ठशांत भारत-पाकिस्तानची सीमा आहे. ती रेघ कोरलेली नाहीं. दोहों बाजूंचें लांकूड काढून टाकलें, म्हणून ती उरली. दोन्हीकडची भूमि जावी आणि सीमाच तेवढी राहावी, घर गमावलेल्याची स्मृति तरी याहून काय वेगळी असते?