पाऊस, मनोरे आणि संगणकातले नागापूर

मोबाइलच्या मनोऱ्यावरचे उभट अँटेना आपल्या फोनशी बोलतात. त्यांच्याजवळ डफासारखा गोल डबा दिसला, तर तो बहुधा दुसऱ्या मनोऱ्याशी बोलत असतो. गोळा झालेली माहिती मुख्य केंद्राकडे नेणाऱ्या या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. काचतंतूसाठी रस्ता खणावा लागतो, लहरींसाठी नाही.

माहिती जास्त न्यायची तर वरच्या वारंवारतेकडे जावे लागते. तिथे पट्टे रुंद मिळतात. पण ८० गिगाहर्ट्‌झची लहर पावणेचार मिलिमीटर लांबीची, म्हणजे साधारण टपोऱ्या थेंबाएवढी. पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात.

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत. मग नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत असा दुवा निर्धास्तपणे उभारावा काय? इथेच फसगत होते. समजा, दिवसभरात २४ मिलिमीटर पाऊस झाला. तो चोवीस तास रिमझिमला, तर तीव्रता ताशी १ मिलिमीटर. तोच वळवाच्या सरीने पंधरा मिनिटांत ओतला, तर ताशी ९६. पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदीत दोन्ही सारखेच!

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रानुसार, आडव्या ध्रुवीकरणाच्या ८० गिगाहर्ट्‌झ लहरीसाठी तीव्रतेचा ०.७१ वा घात घेऊन त्याला १.१७ ने गुणावे. रिमझिमीत दर किलोमीटरला सव्वा डेसिबलहूनही कमी घट येते. सरीत सुमारे ३०. दहा डेसिबल म्हणजे शक्ती एक-दशांश, तीस म्हणजे एक-सहस्रांश. एक किलोमीटरच्या दुव्यात २५ डेसिबलचीच राखीव ठेवली असेल, तर तो तुटणार. १८ गिगाहर्ट्‌झला याच सरीत घट सुमारे १० डेसिबल. तो दुवा टिकेल, मात्र माहिती कमी नेईल.

मनोरे उभारण्यापूर्वी हे सारे संगणकात करून पाहतात, हेच सिम्युलेशन. नकाशावर टेकड्या, इमारती आणि मनोऱ्यांची उंची मांडायची, अंतरामुळे होणारी घट काढायची आणि मग काही किलोमीटर रुंदीची सर त्यावरून हजारो वेळा, वेगवेगळ्या दिशांनी सरकवायची. एक दुवा तुटला की माहिती कोणत्या वाटेने वळते, ती वाट तुंबते काय, हे मोजायचे. सर लहान असल्याने दूरची वाट बहुधा कोरडी असते. माझ्या मते गणितापेक्षा पावसाची माहितीच यात कच्ची राहते. वार्षिक सरासरी भरली, तर उत्तर गोड येते आणि खोटे येते.

शाळेत सरळ कडांच्या भांड्यात दर पाच मिनिटांनी पाणी मोजता येईल. पाच मिनिटांत ८ मिलिमीटर भरले, की तीव्रता ताशी ९६ झाली.