मनकवडा घडवताना

सकाळी ६.३०
मिलवॉकी, विस्कॉन्सिन. बाहेर बर्फ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, पेन्सिल आणि सात फासे. ती खेळ लिहिते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे, चौघापाचांनी टेबलाभोवती बसून, बोलत खेळायचे. एका छोट्या प्रकाशकाला आज रात्री एक प्रकरण द्यायचंय : मनकवडा. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारं, नुसत्या विचारानं घाव घालणारं पात्र. ३,००० शब्द, शब्दाला ८ सेंट. म्हणजे २४० डॉलर. निम्मे मजकूर दिल्यावर, निम्मे पुस्तक निघाल्यावर.

सकाळी ७.१५
ती जुनी पुस्तकं उघडते. मूळ खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा. तो जिथून निघाला ते लेक जिनिव्हा इथून गाडीनं तासाभरावर. मनःशक्ती त्यात आली १९७६ च्या पुरवणीत. १९७८ च्या नियमांत बुद्धी, शहाणपण किंवा छाप यांपैकी एक तरी गुण १६ किंवा त्याहून जास्त हवा, आणि वर नशीब. फासा लागला तर शक्ती फुकट, वरकमाईसारखी. शेजारी बसलेल्याला काहीच नाही. २००४ च्या नियमांत शक्तीचा दर ठरलेला : पहिल्या पातळीच्या शक्तीला १ पॉइंट, दुसरीला ३, तिसरीला ५. २०२० मध्ये पॉइंटांच्या जागी फासे आले, वापरले की संपणारे.

ते फासे तिला उचलता येत नाहीत. या खेळाच्या नियमांचा मोठा भाग कुणालाही वापरायला खुला आहे, पण हे फासे त्यात नाहीत. शक्तीची किंमत कशात मोजायची, ते तिनं स्वतः शोधायचं.

सकाळी ८.००
पहिलं कार्ड : ‘मनाचा घाव’. आठ बाजूंचे दोन फासे, सरासरी ९. समोर लांडगा, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ११. घाव चुकवायला त्यानं वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि १३ गाठायचे. बुद्धीवर टाकला तर त्यातून ४ वजा. लांडगा दहातल्या आठ वेळा हरतो. शहाणपणावर टाकला तर १ मिळतो, मग तो साधारण निम्म्या वेळा वाचतो. ती ‘बुद्धी’ खोडते, ‘शहाणपण’ लिहिते. एक शब्द. त्याला पाऊण तास लागला.

सकाळी ९.००
आता किंमत. त्या किमतीला तिनं ‘ताण’ म्हटलंय. शक्ती वापरली की ताण एकानं वाढतो. मग सहा बाजूंचा फासा टाकायचा. ताणाइतका किंवा कमी आकडा आला तर डोकं ठणकतं, पुढची पाळी शक्ती बंद. सलग तीनदा निभावण्याची शक्यता २८ टक्के. ती आकडा कार्डाच्या कोपऱ्यात लिहिते. बघू, टेबलावर कसं चालतं.

सकाळी ११.००
खेळांच्या दुकानात पाच तासांची पाळी. तासाला १५ डॉलर. खोकी फोडणं, किमतीची लेबलं लावणं, गल्ला. दुपारचं जेवण डब्यातलं, उभ्यानंच.

दुपारी ४.३०
दहा पानं छापून घेतली. एक डॉलर वीस सेंट. चिप्स आणि सोडा, १४ डॉलर. चाचणीला येणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत. पुस्तकात नाव येतं, एवढंच.

संध्याकाळी ५.३०
दुकानाच्या मागच्या टेबलावर चार खेळाडू. मी कोपऱ्यात, नुसतं बघत. गोष्ट खुनाची, एका सराईमध्ये घडलेली. मनकवड्याचा खेळाडू म्हणतो, “सराईवाल्याच्या मनात बघतो.” तिनं लिहिलेल्या नियमानं त्याला सगळं कळतं. खुनी कोण, हत्यार कुठं. दहा मिनिटांत गोष्ट आटोपली. बाकी तिघं फासे हातात घेऊन बसलेले. एक फोन काढते.

ती ते टिपते. फोन निघाला, ती वेळसुद्धा.

संध्याकाळी ६.४५
ती पानावरच नियम बदलते. मनकवड्यानं एकच प्रश्न विचारायचा. उत्तरात एक चित्र मिळेल, खुलासा नाही. ते चित्र त्यानं सगळ्यांना सांगायचं. पुन्हा सुरुवात. “ओला जोडा. कोरड्या रात्री.” चौघंही पुढं सरकतात. दुसरी म्हणते, “विहीर!” तिसरा म्हणतो, “नाही, धोबीघाट.” वाद पेटतो. फोन उलटा पडलेला.

मग लढाई. दोनदा शक्ती वापरून खेळाडू थांबतो. “परत नको, डोकं जाईल.” सहाचा फासा फार भीती घालतो. ती आठचा देते. तीनदा निभावण्याची शक्यता आता ४१ टक्के. तो तिसऱ्यांदा वापरतो, दात खाऊन.

रात्री ९.१५
घरी. आणखी एक नियम : दुसऱ्या खेळाडूच्या पात्राच्या मनात शिरायचं तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. इथं फासा नाही. मला आजच्या दिवसातलं हे सगळ्यात मोलाचं काम वाटलं. टेबलावर माणसं विश्वासानं येतात, आणि तो विश्वास नियमात लिहून ठेवावा लागतो.

रात्री १०.३०
मजकूर ३,१४० शब्द. पैसे ३,००० चेच. ती वर्णनं कापते : चमकणारे डोळे, जांभळी आभा. सराईचं उदाहरण ठेवते. नुसत्या नियमावरून नवख्याला खेळता येत नाही, उदाहरण वाचून येतं.

रात्री ११.२०
फाईल गेली. सोबत १२० डॉलरचं बिल. चिप्स, सोडा, छपाई त्यात धरलेली नाही. उद्याचं कार्ड वर काढून ठेवलंय : हात न लावता वस्तू हलवणं. वजन किती, अंतर किती, आणि ती वस्तू दुसऱ्याच्या हातात असेल तर काय, एवढं सकाळी ठरवायचंय.