भरती विचारून निघा

बजाजनगरातून समुद्र पाहायला निघायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न, "सोबत पुरुष कोण?" आमच्या गटातल्या पाचजणी टूरवाल्याशिवाय वेंगुर्ल्याला जाऊन आलो. गोव्याच्या अलीकडचा, सिंधुदुर्गातला हा किनारा. रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढं एस.टी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. खर्चाला कर्ज काढलं नाही. वर्षभर महिन्याला दोनशे वेगळे टाकले.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडी फिरवतात. इंजिन नाही, वल्ही हातानं मारायची. चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली दिसतात. खाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी ती वर काढतं.

आमची फजिती अशी, की भरतीची वेळ न विचारताच गेलो. खाडीत नुसता चिखल! दशम्या-चटणी खात पाच तास बसलो. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. त्यामुळं आदल्या दिवशीच फोन करून वेळ विचारावी.

आमच्यातली साठीची मावशी समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. तिला घरून परवानगी मिळेना, म्हणून आम्ही दोनदा जाऊन बोललो होतो. होडीत तिनं वल्हं मागून घेतलं. पुढच्या सहलीच्या पैशांची वही आता तिच्याकडं आहे.