नस काढली, मग दुखतं काय?

ब्रिजखालची सफाई या आठवड्यात दाखवायचं कबूल केलं होतं. पण मंगळवारी एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहवेना. सफाई पुढच्या आठवड्यात, नक्की.

बाईंची खालची एक दाढ गेली होती, म्हणून तीन दातांचा ब्रिज बसवला. आधाराच्या दोन्ही दातांचं रूट कॅनॉल आधीच झालेलं. बारा दिवस झाले. गार-गरम काही लागत नाही, पण घास चावला की कळ येते. घरचे म्हणतात, नसच काढून टाकली, मग दुखतं काय? मनाचे खेळ आहेत, होईल सवय. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘एवढ्याशासाठी परत डॉक्टरांकडे गेलेलं बरं दिसेल का?’

बाई, तुमचं दुखणं खरं आहे. आणि ते कुठून येतं, हे मला फार आवडीनं सांगावंसं वाटतं.

रूट कॅनॉलमध्ये काढतात ती दाताच्या पोटातली नस. गार पाण्याची शिवशिव, गोडाची सणक ही तिची कामं. पण दाताला बाहेरूनही संवेदना आहे. दाताचं मूळ जबड्याच्या हाडात खिळ्यासारखं ठोकलेलं नसतं. बाजेला सुंभ विणावा तसे बारीक तंतू मुळापासून हाडापर्यंत विणलेले असतात आणि दात त्या विणीवर तोललेला असतो. मूळ आणि हाड यांच्यातली ही जागा जेमतेम 0.2 मिलिमीटर. या तंतूंमध्ये स्वतःच्या नसा असतात आणि दातावर किती दाब आला, कोणत्या बाजूनं आला, ते त्या मेंदूला कळवतात. रूट कॅनॉल त्यांना हातही लावत नाही.

भातातला खडा दाताखाली आला की जबडा आपोआप थांबतो ना, ते काम या नसांचं. दोन दातांच्या मध्ये आलेली साधारण 0.02 मिलिमीटर जाडीची वस्तूसुद्धा त्यांना कळते. डोक्यावरचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. मग ब्रिज केसभर उंच राहिला, तर त्यांना कळणार नाही का?

तो उंच राहतो कसा? सिमेंट लावून दाबताना त्याचा थर किंचित जास्त राहतो. पेशंट खुर्चीत आडवा असतो, तेव्हा खालचा जबडा जरा मागे सरकलेला असतो. तोंड उघडून उघडून जबडा शिणलेला, कधी इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर. अशा वेळी ‘चावून बघा, कसं वाटतंय?’ विचारलं की माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणतो आणि घरी जातो. खरा चावा दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना कळतो. तोवर प्रत्येक घासाला तोच दात आधी आपटत असतो. त्यानं तंतू सुजतात, सुजलेले तंतू दाताला आणखी वर उचलतात आणि तो अधिकच आपटतो. अशा दुखण्याची सवय कशी होणार? मधल्या खोट्या दाताला मूळ नाही. पण उंची त्याच्यावर असली तरी त्याचा भार शेजारच्या दोघांनाच सोसावा लागतो.

माझ्याकडे एक आजी यायच्या. ब्रिज बसवल्यावर चार दिवसांनी म्हणाल्या, ‘दाताखाली सारखा कण्हेरीच्या पानाएवढा काहीतरी दाब वाटतोय.’ मी तेव्हा नवा होतो. ‘थोडे दिवस जाऊ द्या’ म्हणून त्यांना परत पाठवलं. ती चूक मी विसरलेलो नाही. आठवड्यानं त्या पुन्हा आल्या; तोवर त्या बाजूनं जेवणंच सोडलं होतं. मग त्यांना ताठ बसवलं, दात कोरडे केले, निळा कागद ठेवला आणि चावायला सांगितलं. ब्रिजवर मोहरीएवढा एक ठिपका उमटला. कडा गडद निळी, मध्यभाग पांढरा. जिथं दाब सगळ्यात जास्त, तिथून रंग निघून जातो, म्हणून असं कडं दिसतं. घासायचा बारीक बर दोन-तीन सेकंद फिरवला, पुन्हा कागद ठेवला, ठिपका फिकट झाला, मग घासलेली जागा गुळगुळीत केली. हे शेवटचं काम चुकवायचं नसतं, कारण खरखरीत सिरॅमिक समोरचा दात झिजवतं. आजींनी दात मिटले, दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, ‘गेलं.’

तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल. ताठ बसा, दात अलगद मिटा. सगळे दात एकदम टेकतात की ब्रिजच आधी लागतो? तुमचा ब्रिज खालचा आहे; पण कुणाचा वरचा असेल, तर त्याच्या गालाकडच्या बाजूवर बोटाचं टोक ठेवून दात टकटक मिटून बघा. आपटणाऱ्या दाताचा हादरा बोटाला जाणवतो. परत जाईपर्यंत दुसऱ्या बाजूनं, मऊ भात-खिचडी खा. चिक्की, सुपारी नको. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी घेता येईल, पण तिनं उंची कमी होत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. आधाराच्या दातांची नस जिवंत असेल, तर गार लागून क्षणात थांबणारी शिवशिव काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. पण गरमानं ठणकून बराच वेळ राहणारी किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ म्हणजे नस दुखावल्याची खूण. हिरडी हुळहुळत असेल, तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. लवंगेचं तेल हिरडीवर लावू नका, भाजतं. सूज, पू, ताप असेल किंवा ब्रिज हलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उंची काढूनही आठवड्याभरात फरक पडला नाही, तर एक्स-रे काढून मुळाला तडा किंवा टोकाशी जंतुसंसर्ग आहे का, ते बघावं लागतं.

तर बाई, परत जा. संकोच करू नका. ब्रिज बसवल्यानंतरची ही तपासणी कामाचाच भाग आहे. ‘दुखतंय’ एवढंच सांगाल, तर कदाचित पुन्हा थांबायला सांगतील. म्हणून असं सांगा : ‘दात मिटताना ब्रिज आधी लागतोय. मला ताठ बसवून कागद ठेवून बघता का?’