विडीचा धूर आणि पोटातली महाधमनी

कॅसलरॉक हे घाटमाथ्यावरचं रेल्वेगाव. इथून गाडी दूधसागरच्या अंगाने घाट उतरून गोव्यात कुळ्याला पोहोचते. भोवती जोयड्याचं जंगल; मोठी शस्त्रक्रिया करायची तर बेळगाव, हुबळी किंवा गोव्यातलं बांबोळी गाठायला हवं. अशा गावात कुणाची पोटातली महाधमनी फुटली, तर हाताशी वेळच उरत नाही. शहरातसुद्धा यातले बरेच रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. फुटण्याआधी ही धमनी फुगत जाते; म्हणूनच ती फुगते कशाने, हे आधीच कळायला हवं.

पोटात या मुख्य रक्तवाहिनीची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर असते. ती 3 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली, की डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. वाहिनीच्या भिंतीला लवचिकपणा देणारं इलॅस्टिन शरीर मुख्यतः लहानपणीच तयार करतं. ते झिजलं की भरून निघत नाही. भिंत सैल पडते, रक्ताचा दाब तिला बाहेर रेटतो. रुंदी वाढली की भिंतीवरचा ताणही वाढतो, आणि ताणामुळे ती आणखी रुंदावते.

इलॅस्टिनची ही झीज वाढवणाऱ्या कारणांत तंबाखूचा धूर सगळ्यात वरचा. बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी विडीच्या तंबाखूवरच वाढलं. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी मोठं आंदोलन केलं. त्यांचा लढा न्याय्य होता. पण त्याच पानाच्या धुराने ओढणाऱ्याच्या धमन्यांचं काय होतं, याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

बाकीची कारणंही आहेत: उच्च रक्तदाब, साठीपुढचं वय, पुरुष असणं, घराण्यात हा आजार असणं. मार्फान सिंड्रोममध्ये जन्मतःच धमनीची भिंत दुबळी असते. जुन्या काळी उपचार न झालेल्या गरमीने (सिफिलिसने) छातीतली महाधमनी फुगायची. असा फुगवटा इतर धमन्यांतही येतो: लहान मुलांत कावासाकी आजार हृदयाच्या धमन्या फुगवतो. पाच दिवस किंवा त्याहून जास्त टिकणारा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ असं दिसलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर 1948 साली सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळलं होतं. 1955 च्या एप्रिलमध्ये तो फुटला आणि आइन्स्टाइन गेले.

आज साध्या सोनोग्राफीत हा फुगवटा दिसतो. विडी-सिगारेट ओढलेल्या, पासष्टीच्या पुढच्या पुरुषांनी ती एकदा करून घ्यावी. रुग्णाच्या सख्ख्या भावांनीही डॉक्टरांना विचारावं. फुगवटा लहान असेल तर ठरावीक काळाने पुन्हा मोजतात. पुरुषांत साधारण 5.5 सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो. धूम्रपान सोडलं, की फुगवट्याची वाढ मंदावते.