कृष्णाकाठच्या प्राचीन वाटांचा मागोवा

पलूस परिसरातील काळ्या रानात भर पावसाळ्यात बैलगाडी घातली असेल, त्याला या मातीत वाट टिकविणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. म्हणूनच कृष्णाकाठच्या प्राचीन मार्गांचा अभ्यासक रस्त्याचा पृष्ठभाग शोधीत बसत नाही. नदीचे उतार, जुन्या पेठा, लेणी आणि सह्याद्रीतील घाट यांची सांगड घालून तो नकाशावर मार्ग उभा करतो.

या सांगडीत कऱ्हाडचे स्थान मोठे आहे. भरहुत येथील स्तूपावरील दानलेखांत ‘करहकट’ निगमाच्या दानाची नोंद आढळते. हे नगर म्हणजेच कऱ्हाड, असे विद्वान मानतात. जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि पश्चिमेस कुंभार्ली घाट चिपळूणकडे उतरतो. दक्षिणेस कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी 1945-46 साली उत्खनन केले. तेथेच सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ती रोमन व्यापाराची साक्ष देते. बंदरावरचा माल घाट चढल्यावाचून येथवर येणे शक्य नव्हते.

घाटवाटेची बांधणी पाहावयाची तर जुन्नरजवळील नाणेघाटात जावे. सातवाहनांच्या काळातील या वाटेत डोंगरातील नैसर्गिक घळीचा उपयोग केलेला आहे. चढावर दगड बसविले आहेत, वाटेत पाण्याची टाकी खोदली आहेत आणि माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. तेथील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. रोमन लोकांनी इ. स. पूर्व 312 मध्ये सुरू केलेला अ‍ॅपियन मार्ग सैन्यासाठी शक्य तेथे सरळ नेला. आपल्याकडे ओझ्याच्या बैलांची सोय पाहावयाची होती. बैलाला सरळपणा नको, पाय ठरेल असा दगड आणि टप्प्याटप्प्यावर पाणी हवे. एवढे ध्यानात घेतले म्हणजे टाक्यांचे महत्त्व कळते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी हिंडून लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा संबंध दाखविला, तोही याच दृष्टीने.

मात्र हा पुरावा नाजूक आहे. रस्ता रुंद करताना किंवा शेत सपाट करताना एखादी जुनी पायरी उखडली गेली, की तिची मूळ जागा पुन्हा ठरविता येत नाही. यंत्र लावण्यापूर्वी वाटेची रुंदी, पायरीची उंची आणि जवळच्या टाक्यापर्यंतचे अंतर मोजून छायाचित्रासह पुरातत्त्व विभागास कळविणे, हे काम गावच्या शाळेतील मुलांनाही जमण्यासारखे आहे.