पैसे तासाचे, बोलणं चार मिनिटांचं

अकरावीला फ्रेंच का घेतलंस, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं : स्कोअरिंग आहे. मराठीत निबंध लिहून जेवढे मार्क पडतात, त्यापेक्षा क्रियापदांचे तक्ते पाठ करून फ्रेंचमध्ये जास्त पडतात, हा ज्युनिअर कॉलेजमधला वर्षानुवर्षांचा हिशोब आहे. पण बारावीला नव्वदच्या घरात मार्क मिळवलेल्याला ‘काल संध्याकाळी काय केलंस?’ एवढंच फ्रेंचमध्ये विचारून बघा. बोंजूर होतं, साव्हा होतं आणि मग एक लांबलचक हसू.

हीच मुलं टीवायला किंवा डिग्री झाल्यावर पुन्हा पैसे भरून फ्रेंच शिकायला बसतात. या वेळी झूमवर, जेवणं आटोपल्यावर, कानात इअरफोन घालून. शेजारच्या खोलीत त्याच वेळी दुसरं कुणीतरी इंग्लिश कॉन्व्हर्सेशनच्या सेशनला बसलेलं असतं. एकाला कॅनडाला जायचंय, दुसऱ्याला प्लेसमेंटचा एचआर राऊंड काढायचाय. अडचण दोघांची एकच. वाचता येतं, लिहिता येतं, पेपरही सोडवता येतो. तोंड उघडत नाही.

आणि तोंड उघडावं म्हणून जो क्लास लावलाय, त्यात तोंड किती वेळ उघडतं? हे कुणी मोजत नाही. आपण मोजू. एक तासाचा क्लास, बॅच आठ जणांची. अर्धा तास शिक्षक बोलणार, म्हणजे व्याकरण समजावणार, स्लाइड दाखवणार, ‘कॅन यू हिअर मी?’ विचारणार. उरलेली तीस मिनिटं आठांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटं. त्यातलं एखादं मिनिट ‘सर, नेटवर्क गेलं होतं’ यात जातं. (नेटवर्क खरंच गेलेलं असतं असं नाही. शब्द आठवला नाही की पहिलं नेटवर्क जातं, हे सगळ्यांना माहितीये.) समजा तासाला ३०० रुपये पडत असतील, तर बोलण्याचं एक मिनिट ८० रुपयांना पडलं. उलट वन-टू-वनमध्ये तासाला ६०० घेणाऱ्या शिक्षकानं तुम्हाला अर्धा तास बोलू दिलं, तर तेच मिनिट २० रुपयांना. फी बघून जो क्लास महाग वाटतो तो स्वस्त निघतो, तो असा. अर्थात शिक्षकानं बोलू दिलं तर. वन-टू-वन लावून तासभर शिक्षकाचंच ऐकणारेही आहेत.

तीन महिन्यांत बी-टू?

फ्रेंचच्या या लाटेचं एक मोठं कारण कॅनडा. तिथल्या एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळे ड्रॉ निघायला लागले. त्यासाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत ‘एनसीएलसी ७’ ही पातळी लागते. ढोबळमानानं ती म्हणजे बी-टू. शिवाय फ्रेंचचे ५० पर्यंत जादा गुण मिळू शकतात. इंग्रजीत सगळेच चांगले, मग फ्रेंचनं पुढे सरकू, असा विचार त्यामागे असतो. आणि तो चुकीचा नाही. घोळ होतो तो पुढच्या वाक्यात : ‘तीन महिन्यांत बी-टू’.

ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्या काउन्सिल ऑफ युरोपनं २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आज युरोपातल्या जवळपास सगळ्या भाषांचे क्लास त्याच मापानं चालतात. शून्यापासून बी-टूपर्यंत पोहोचायला वर्गातले साधारण ५६० ते ६५० तास लागतात, असा आलियाँस फ्राँसेजचा अंदाज आहे. ६०० धरा. आठवड्याला तीन तास क्लास असेल तर २०० आठवडे, म्हणजे पावणेचार वर्षं. तेच तीन महिन्यांत बसवायचं तर रोज साडेसहा तासांच्या वर, रविवारसकट. कुणी खरंच एवढं करत असेल तर त्याला सलाम. पण जाहिरातीतला क्लास आठवड्याला तीन दिवस, एकेक तासाचा असतो. उरलेले तास कुठून येणार, ते जाहिरातीत नसतं.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची. डेल्फची परीक्षा १०० मार्कांची. चार भाग, प्रत्येकी २५. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. म्हणजे वाचन-लेखनात जोर लावला, तर बोलण्यात २५ पैकी ५ मिळवूनही बी-टूचं सर्टिफिकेट हातात येऊ शकतं, तेही आयुष्यभर चालणारं. फ्रान्समधल्या कॉलेजला अर्ज करताना, पुण्या-मुंबईतल्या कंपनीत फ्रेंच प्रोसेसला लागताना ते उपयोगी पडतं. पण कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीला डेल्फ चालतच नाही. तिथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा लागते, आणि चारही भागांत वेगवेगळी पातळी गाठावी लागते. बोलणं वाचनाच्या पाठीमागे लपवता येत नाही. वर तिचा निकाल दोनच वर्षं धरला जातो. डेल्फची तयारी करून घेणाऱ्या क्लासला कॅनडासाठी जाणं म्हणजे पनवेलची गाडी पकडून कल्याणला उतरायची वाट बघणं. गाडी चांगलीच असते.

वर कुठलं, खाली कुठलं

फ्रेंच शिकताना मराठी माणसाच्या काही गोष्टी फुकट जमून जातात, हे क्लासमध्ये फारसं कुणी सांगत नाही. इंग्रजीला जो फरक माहीतच नाही तो तू आणि तुम्हीचा फरक आपल्या अंगातच आहे. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ समजवायला आपल्याला स्लाइड लागत नाही. फ्रेंचचा त हा आपला दातांवरचा त आहे, इंग्रजीसारखा ट नाही. लिंगाचंही तसंच. खुर्ची स्त्रीलिंगी का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, फ्रेंचमध्येही ती स्त्रीलिंगीच आहे. टेबल मात्र आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिकडे स्त्रीलिंगी, तेवढं पाठ करावं लागतं. मालवणी किंवा कोकणी घरातल्या मुलांना नाकातले स्वर सोपे जातात. आकड्यांत नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. इंग्लिश मीडियमवाले इथे डोकं धरतात, पण गावाकडची जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणून मोजायचीच की.

जे जमत नाही ते मात्र कागदावर दिसत नाही. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची असा एक स्वर फ्रेंचमध्ये आहे. तो आपल्याकडे नाही. फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन शब्दांत उच्चाराचा फरक फक्त त्या स्वराचा. वहीत देवनागरीत लिहायला गेलात तर दोन्ही ‘दसू’च. वर म्हटलं की खाली, ते वही सांगत नाही, ॲपवरचे हिरवे टिक सांगत नाहीत. समोरचं माणूस थांबवतं आणि म्हणतं, पुन्हा म्हण. खासगी शिक्षकाला पैसे द्यायचे ते या ‘पुन्हा म्हण’साठी. तक्ते यूट्यूबवर फुकट आहेत.

इंग्लिशचं दुखणं वेगळं

इंग्लिशमध्ये उच्चारांचा प्रश्न आहेच. आपल्याकडे एकच व आहे, इंग्रजीत दोन, त्यामुळे ‘वेस्ट’ म्हटल्यावर पश्चिम की बनियन, हे समोरच्यानं ठरवायचं. ‘मायसेल्फ अमुकतमुक’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही सगळ्यांच्या ओळखीचं. पण या चुका पंधरा दिवसांत सुटण्यासारख्या आहेत. न सुटणारी गोष्ट आहे लाज.

फ्रेंच चुकलं तर कुणी हसत नाही. शिकतोय बिचारा, म्हणतात. इंग्लिश चुकलं तर घराची, शाळेची, गावाची परीक्षा होते. म्हणून हॉस्टेलमधली मुलगी सेशनला रूममध्ये बसत नाही. ती गच्चीवर जाते, नाहीतर जिन्यात बसते, कारण रूममेटनं ऐकलं तर उद्या मेसमध्ये नक्कल होईल. कॅमेरा बंद. आवाज इतका बारीक, की कोचला अर्धं ऐकू येत नाही. मराठी माध्यमातून दहावी करून इंजिनिअरिंगला आलेल्या कितीतरी जणांनी चार वर्षं लेक्चरला प्रश्न विचारलेला नसतो. शंका नव्हती म्हणून नव्हे. ती इंग्रजीत मांडायची होती म्हणून. प्लेसमेंटच्या जीडीमध्ये पंधरा मिनिटं गप्प बसून बाहेर पडलेला मुलगा कोडिंगमध्ये वर्गात पहिला असतो आणि त्याला कुणी तांत्रिक प्रश्न विचारण्याआधीच तो बाद झालेला असतो.

यावर अनोळखी माणूस बरा पडतो. स्क्रीनवरचा कोच तुम्हाला उद्या कॅन्टीनमध्ये भेटणार नाही, तुमच्या गावाचं नाव त्याला माहीत नाही. माझ्या मते ऑनलाइन संभाषणाच्या क्लासचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि जाहिरातीत तो कुणीच लिहीत नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘अमेरिकन ॲक्सेंट’. आयईएल्ट्सची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिच्यात अमेरिकन किंवा ब्रिटिश वाटण्याला मार्क नाहीत. बोलणं कळतं का, सलग येतं का, हे बघतात. ॲक्सेंट विकणाऱ्याला हे माहीत असतं.

शिकवणारे कोण?

पलीकडच्या खिडकीतही बऱ्याचदा आपल्याच वयाचं कुणीतरी असतं. बी-टू झाल्यावर ए-वनवाल्यांना शिकवणं हा एमए करता करता पैसे मिळवायचा चांगला मार्ग आहे. ऑनलाइन फ्रेंच शिकवणाऱ्या एका ताईशी बोलणं झालं. नाव नको, म्हणाली. तिच्याकडून दुसरी बाजू कळली. ट्यूटर शोधून देणाऱ्या वेबसाइट दर तासामागे कमिशन कापतात. काही ठिकाणी तर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे सगळे पैसे कंपनीच ठेवते. म्हणजे डेमो घेऊन गायब होणारे विद्यार्थी तिला फुकटात शिकवायला लावतात. वर पोरं विचारतात, फ्रान्सचे सर नाहीत का? कॅमेरून, सेनेगल, मोरोक्कोमधले उत्तम शिक्षक या वेबसाइटवर आहेत आणि त्यांचे प्रोफाइल केवळ देशाचं नाव बघून मागे टाकले जातात. क्युबेकला जायची स्वप्नं बघणारेही पॅरिसचाच उच्चार मागतात. आणि क्युबेकमध्ये ‘दिने’ म्हणजे दुपारचं जेवण, पॅरिसमध्ये रात्रीचं. तिकडे जाऊन बसाल उपाशी.

डेमोला काय बघायचं

डेमोच्या दिवशी शिक्षक जीव तोडून शिकवतो, त्यामुळे शिकवणं कसं वाटलं यावर जाऊ नका. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि तुमची स्वतःची बोलायची मिनिटं मोजा. चूक झाली तेव्हा त्यानं थांबवलं का, की ‘व्हेरी गुड’ म्हणून पुढे गेला? शिक्षकाचं सर्टिफिकेट दाखवलं तर भागवार मार्क विचारा, बोलण्याचे किती ते. कॅनडासाठी असेल तर टीईएफच्या बोलण्याच्या परीक्षेत नेमकं काय असतं, हे त्यालाच सांगायला लावा. पहिल्या भागात जाहिरात बघून परीक्षकाला फोनवर करतो तशी चौकशी करायची असते, दुसऱ्यात त्याला मित्र समजून एखादी गोष्ट पटवायची असते. हे ज्याला सांगता येत नाही, तो तयारी कसली करून घेणार?

पैसे महिन्याचे भरा, शक्य असेल तर तासाचे. सहा महिन्यांचं पॅकेज आणि वर ‘ईएमआयची सोय’ असेल, तर तो ईएमआय बहुतेक वेळा क्लासला दिलेला हप्ता नसतो, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही म्हणून सोडलात तरी बँक किंवा फायनान्स कंपनी हप्ता मागणार. फॉर्मवर पॅन आणि ओटीपी मागितला की थांबा आणि हे कर्ज आहे का, असं लेखी विचारा.

रोजच्या सरावाला मात्र पैसे लागत नाहीत. जिन्यात बसणाऱ्या दोघींनी एकमेकींना शोधलं तरी रोजची वीस मिनिटं सुटतात, आणि मग शिक्षकाचा महागडा तास फक्त चुका काढून घ्यायला वापरता येतो.

शिक्षक फ्रान्समध्ये राहणारा असेल तर अजून एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. आपला साडेनऊचा क्लास साडेदहाला सरकतो आणि थेट मार्चच्या शेवटच्या रविवारी परत जागेवर येतो. तुम्ही साडेनऊला स्क्रीनसमोर एकटेच वाट बघून लॉगआउट केलंत, तर त्या तासाचे पैसे कापलेले असतात.